अक्षतांचा सराव सराफ्यात

अंतरपाट एकदाच दूर होतो. नजरानजर, वाजंत्री, अक्षतांचा पाऊस, आणि बघता बघता माळा गळ्यात पडलेल्या असतात. तिथे ‘पुन्हा एकदा करा’ म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. म्हणून लग्नाचे फोटो काढणाऱ्याने हात बसवायचा तो मांडवाबाहेर, आणि त्यासाठी इंदूरसारखं दुसरं गाव नाही. मांडवात जो जो उजेड छळतो, तो या शहरात कुठे ना कुठे रोज फुकट मिळतो. लग्नाची तारीख नसलेल्या दिवशी एक कॅमेरा आणि ३५ मिमीची लेन्स घेऊन निघावं, दोन तासांत परत यावं.

कॅमेऱ्याशी या गावाचं नातं तसं जुनंच आहे. लाला दीनदयाळ इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि १८७०च्या दशकात, ती नोकरी करतानाच फोटोग्राफीकडे वळले. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांचा त्यांना आश्रय होता. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा’ किताब दिला, पण सुरुवात इंदूरची, हे आपल्याकडच्या फोटोवाल्यांनी तरी लक्षात ठेवावं.

सुरुवात सराफ्यापासून करा. दिवसा दागिन्यांची पेठ, आणि रात्री दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलबीच्या कढया. तिथला उजेड म्हणजे हुबेहूब मॅरेज गार्डनचा, म्हणजे लग्नाच्या मोकळ्या हिरवळीवरचा, उजेड. एका गाडीवर ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा दिवा, शेजारी ६५०० केल्विनची पांढरी एलईडी पट्टी, मागे दुकानाची रंगीत पाटी. ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंग जुळवणं कॅमेऱ्यावर, सोडलंत तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येईल आणि नंतर एकेक फोटो दुरुस्त करत बसावं लागेल. केल्विन हाताने ४००० ला बांधून टाका. रंग चुकला तरी सगळीकडे सारखाच चुकेल आणि एका फटक्यात सुधारेल. एक्स्पोजरला सुरुवात म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ २.८, शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची तीव्रता) ३२०० धरा, पुढे गाडीगणिक कमी-जास्त करा.

एलईडीचे पट्टेही इथेच समजून घ्यावेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळतं. १/१०० किंवा १/५० ठेवलं की लुकलुकीची पूर्ण आवर्तनं शटरमध्ये मावतात आणि फोटो स्वच्छ येतो. १/५०० ला गेलात की एक फ्रेम उजळ, दुसरी काळपट, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे. कॅमेऱ्यात ‘अँटी फ्लिकर’ असेल तर तो चालू करा, बराच फरक पडतो. स्टेजवरचे रंगीत पार लाइट (एलईडीचे झोतदिवे) मात्र याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात, त्यांना हा १/१०० चा हिशेब लागू पडत नाही. तिथे शटर हळू करून पाहणं आणि सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद ठेवणं, हे दोन उपाय. सायलेंट शटरमध्ये बहुतेक कॅमेरे सेन्सर वरून खाली ओळी-ओळीने वाचतात, म्हणून पट्टे जास्त उमटतात. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या मोडमध्ये फ्लॅशही पेटत नाही. व्हिडिओवाल्याला सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० वर ठेवायला सांगा. ३० फ्रेम आणि १/६० वर आपल्या विजेत पट्टे येण्याची भीती असते.

आता कढईची वाफ. दिव्याकडे पाठ करून फोटो काढलात तर वाफ दिसतच नाही. दिवा कढईच्या पलीकडे आणि आपण अलीकडे, असं उभं राहिलं की तीच वाफ चांदीसारखी उजळते. लाजाहोमाच्या धुराचंही हेच. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की जवळचा धूर आधी उजळतो आणि वधूवर राखाडी पडद्यामागे जातात. फ्लॅश स्टँडवर घ्या, होमकुंडाच्या मागे-बाजूला, डोक्याच्या वर दोन-अडीच फुटांवर, आणि पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून सुरू करा. धुरात फोकस भटकतो, म्हणून लाह्या ओंजळीत पडण्याआधीच हातांवर फोकस घेऊन तो मॅन्युअलला बांधून ठेवावा. सराफ्यात दहीवड्याचा दोना हवेत उडवतात, तोही तासभर पाहण्यासारखा आहे. दोना सगळ्यात वर पोचतो त्या क्षणी जवळपास थांबलेला असतो, त्यामुळे १/२५० सुद्धा पुरतं. वर जाताना किंवा खाली येताना १/१००० लागेल. माळ घालताना नवरदेवाला मित्र उचलतात तेव्हा याच टोकाची वाट पाहायची. कढईपाशी मात्र उकळतं तेल असतं, भैयाला विचारून, त्याच्या हाताला आड न येता उभं राहायचं.

अक्षतांची मोठी पंचाईत अशी की कॅमेऱ्याजवळचे दाणे पांढरे गोळे होऊन येतात. फ्लॅश कॅमेऱ्यावर असला की दोन फुटांवरच्या दाण्याला आठ फुटांवरच्या चेहऱ्यापेक्षा सोळापट उजेड मिळतो. उपाय पुन्हा तोच, फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर. दोन स्टँड, साधारण आठ-नऊ फूट उंच, एक वधूच्या मागे तिरपा, एक वराच्या मागे तिरपा. शटर १/२००, एफ ४, आयएसओ ८०० आणि फ्लॅश १/८. एवढ्या ताकदीवर फ्लॅशची चमक इतकी आखूड असते की दाणे हवेत गोठतात. फ्लॅशशिवाय काढायचं तर १/८०० च्या खाली येऊ नका, नाहीतर दाण्यांच्या रेघा होतात. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा, किंवा एखाद्या पोराला तिथे उभं करा. मंगलाष्टकं संपली की गर्दी पुढे सरकते आणि स्टँड आडवा होतो.

उभं राहण्याची जागा आधी ठरवा. अंतरपाटाची कड दिसेल असं बाजूला, काटकोनात उभं राहिलं की एकाच फ्रेममध्ये दोन्ही चेहरे आणि मधला पाट येतो. हा फोटो बाकी कुठूनही मिळत नाही. दुसरा माणूस स्टुलावर, २४ मिमी घेऊन, वरून. त्याला मामा, शकुनाचा दिवा घेतलेली करवली आणि अक्षता टाकणारे सगळे हात मिळतात. अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार हे मुहूर्ताच्या आधी विचारून घ्या. “गुरुजी, पाट कुणीकडे घेणार?” एवढं नम्रपणे विचारलं तर कुठलेही गुरुजी सांगतात, उलट पुढच्या विधींना थोडं सरकून बसतात. कानही मंगलाष्टकांकडे हवेत. नातेवाइकांनी स्वतः रचलेली कडवी कितीही लांबली तरी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू झालं की पाट निघायला थोडाच वेळ उरला. त्या ओळीला स्क्रीन पाहणं बंद, कार्ड बदलणं बंद. बॅटरी २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती त्याआधीच बदललेली हवी.

समोर फोन धरलेले हात येणारच. तेव्हा ओरडू नये. “काकू, दोनच पावलं मागे, तुम्हीही फोटोत छान येताय” म्हटलं की वाट होते.

मुंडावळ्यांचं एक वेगळंच दुखणं आहे. ८५ मिमी लेन्स, एफ १.४ आणि दोन मीटर अंतर, यात जेमतेम साडेचार सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. कॅमेरा डोळा सोडून पुढे झुलणारे मोती पकडतो आणि पापण्या मऊ पडतात. छोट्या स्क्रीनवर हे कळत नाही, अल्बमच्या छपाईत दिसतं. एफ २.८ ला खोली दुप्पट होते. माझ्या मते मुंडावळ्या बांधल्यापासून सुटेपर्यंत एफ २.८ च्या खाली जाऊच नये, पार्श्वभूमी थोडी कमी विरघळली तरी चालेल.

हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स हमखास फसतो. पिवळी साडी, पिवळी झेंडू-तोरणं, पिवळं अंग पाहून कॅमेरा सगळं निळसर करतो आणि हळद फिकी पडते. मोकळ्या सावलीत ६५०० केल्विन बांधा आणि एक फोटो ग्रे कार्डचा, म्हणजे नंतर रंग जुळवायच्या राखाडी कार्डाचा, घ्या. वर लाल किंवा गुलाबी कापडाचं छत असेल तर फ्लॅश छतावर उडवू नका, तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. त्यापेक्षा फ्लॅशचा उजेड मऊ करणारा ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स बरा.

कॅमेरा जपायचं शिक्षण रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, देते. होळकरांच्या राजवाड्याच्या परिसरात गुलाल तोफेसारखा उडतो आणि टँकरमधून रंगाचं पाणी सुटतं. लेन्स घरूनच लावून निघायची, रस्त्यावर बदलायची नाही. झूम करताना नळी पुढे-मागे होणारी लेन्स गुलाल आत ओढते, म्हणून प्राइम (झूम नसलेली) किंवा आतल्या आत झूम होणारी ७०-२०० न्यावी. पुढे यूव्ही फिल्टर, वर पारदर्शक पिशवी, आणि पिशवीचं तोंड लेन्सभोवती टेपने बंद. गुलालाच्या पांढुरक्या ढगाने कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि फोटो काळा येतो, एक्स्पोजर +०.७ ते +१ वाढवावं. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. गुलालाचे कण तसेच पुसले तर काचेवर ओरखडे पडतात. हळदीच्या दिवशीही हाच क्रम.

राजवाड्यासमोर सकाळी लवकर जावं. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, असा सात मजली दर्शनी भाग जवळून रुंद लेन्सने टिपला की मागे कलल्यासारखा दिसतो, कारण आपण कॅमेरा वर उचलतो. मांडवाचे खांब याच कारणाने वाकडे येतात. कॅमेरा समपातळीत धरायचा, गरज पडली तर मागे जायचं आणि खालचा जास्तीचा भाग नंतर कापायचा. कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपला २४ मिमी लावली की कडेचे लोक रुंद होतात. ३५ किंवा ५० मिमी, एफ ५.६, पुढच्या रांगेवर फोकस, आणि आजी-आजोबा नेहमी मध्यभागी.

गोरज मुहूर्ताची तयारी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी, करता येते. डिसेंबरात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या आत-बाहेर मावळतो, मेमध्ये सातच्या सुमारास. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं आकाश आणि दिवे यांचा तोल जुळतो आणि दर दोन-तीन मिनिटांनी उजेड अर्धा होत जातो. अशा वेळी फ्लॅश आणि अ‍ॅपर्चर बांधून ठेवा आणि शटर १/२०० वरून १/५० पर्यंत हळूहळू उतरवत आकाश जागेवर ठेवा. आयएसओ वाढवला तर फ्लॅशचा उजेडही वाढतो आणि चेहरे उडतात, म्हणून आयएसओला हात लावलात तर फ्लॅश तितकाच कमी करा.

ड्रोनचा विचार असेल तर कार्यालयाची जागा डिजिटल स्कायच्या, म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या, नकाशावर आधी पाहा. विमानतळ शहराला पश्चिमेकडून लागूनच आहे, त्यामुळे त्या बाजूच्या गार्डनमध्ये परवानगीशिवाय उडवणं म्हणजे यजमानांना अडचणीत आणणं.

दोन-तीन कॅमेरे असतील तर सकाळी सगळ्यांची घड्याळं सारखी करा. सोपी रीत म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच फोनच्या घड्याळाचा, सेकंदांसकट, फोटो काढून ठेवायचा. फरक राहिलाच तर तो फोटो पाहून नंतर वेळ सरकवता येते, नाहीतर सप्तपदी कन्यादानाच्या आधी येऊन बसते. २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५ एमबीची, म्हणजे अडीच हजार फोटोंना माणशी साठ-पासष्ट जीबी. दोन्ही कार्डांवर एकदम लिहिणं चालू ठेवा, रात्रीच दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा, आणि दोन्हीकडच्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

अल्बमचं पान १२ बाय ३६ इंचांचं असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०८०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे एकच फोटो पूर्ण पसरवला की तो जवळपास १.८ पट ताणला जातो. अंतरपाटाच्या रुंद दृश्याला ते चालतं, पन्नास जणांच्या ग्रुपला नाही, चेहरे भुसभुशीत होतात. मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना इंचभर जागेत कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. मॉनिटर पूर्ण उजळ ठेवून रंग दुरुस्त केले तर छपाई काळी येते, म्हणून ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि सगळा अल्बम पाठवण्याआधी लॅबकडून ८ बाय १२ चे तीन फोटो छापून घ्या. एक हळदीचा, एक होमाचा, एक रात्रीच्या स्टेजचा. या तिन्हींत त्वचेचा रंग जुळला की बाकीची पानं पाठवायला हरकत नाही.