अक्षरी रुपये

परीक्षेत रोमन अंक विचारले तर फार तर शंभरापर्यंतचे. पण आमच्या गणिताच्या सरांचं तेवढ्यावर भागत नसे. सातवी 'ब'च्या वर्गात एका दुपारी त्यांनी मला फळ्यावर बोलावून 3999 लिहायला सांगितलं. तीन एम, मग सीएम, एक्ससी, आयएक्स. मी लिहिलं. सर म्हणाले, "शाब्बास. आता यात एक मिळव."

एकच चिन्ह ओळीनं तीनपेक्षा जास्त वेळा काढायचं नाही, हा नियम त्यांनीच शिकवलेला. मी खडू धरून उभा. सरांनी आयव्ही लिहून त्यावर आडवी रेघ ओढली. "शिरोरेघ दिली की हजारपट. झाले चार हजार." मग दोन्ही बाजूंना उभ्या रेघा काढल्या, दाराच्या चौकटीसारख्या, खालून उघड्या. "आता लाखपट. चार लाख." वर्गात एवढी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

याच्याही आधीची एक जुनी पद्धत त्यांनी दाखवली. मधे उभी काठी, दोन बाजूंना कंस: हजार. कंसांची आणखी एक जोडी: दहा हजार. तिसरी जोडी: लाख. हजाराच्या चिन्हाचा उजवा अर्धा भाग म्हणजे पाचशे, तोच आपला डी. आणि लाखापुढे? पुढे चिन्ह नाही. प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की जुन्या लोकांना लाखापुढचा आकडाच नव्हता, म्हणून दहा लाखांना ते 'दहा वेळा शंभर हजार' म्हणत. "आपण दहा लाख म्हणतो, ते तरी वेगळं काय?" असं सर म्हणाले, तेव्हा रोम मला एकदम शेजारच्या गावासारखं वाटलं. इ.स.पू. 260 मध्ये सिसिलीतल्या मायलीजवळच्या समुद्रात रोमन सेनापती ड्युइलियसनं रोमच्या शत्रूचं, कार्थेजचं, आरमार हरवलं. त्याच्या विजयस्तंभाच्या लेखात लुटीची रक्कम सांगताना लाखाचं तेच चिन्ह वीसहून जास्त वेळा ओळीनं कोरलंय. त्या पाथरवटाच्या हातांचा विचार आजही मनात येतो.

पुढे मी बँकेत लागलो. चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहायची. फरक पडला तर अक्षरी खरी, हे चेक-हुंड्यांच्या 1881च्या कायद्याचं कलम 18. रोज शेकडो चेक हाताखालून जायचे. त्याच काळात रोमन चरित्रकार सुएटोनियसनं लिहिलेली गाल्बा या रोमन उमरावाची हकीकत वाचनात आली. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिनं मृत्युपत्रात गाल्बाला 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ठेवले होते. पण रक्कम नुसती अंकांत होती, अक्षरी नव्हती. वारस टायबेरियसनं ती 5 लाखांवर आणली, आणि तेवढेही गाल्बाला मिळाले नाहीत. मला लगेच फळा दिसला. डीभोवती चौकट असेल तर 5 कोटी, नुसती शिरोरेघ असेल तर 5 लाख. दोन उभ्या रेघा मानल्या नाहीत की साडेचार कोटींहून जास्त रक्कम गेली! पुढं सम्राट झालेल्या माणसाचं हे नुकसान वाचून मी खरोखर हळहळलो.

सर निवृत्त झाल्यावर त्यांचं पेन्शन आमच्याच शाखेत येई. एकदा काउंटरवर आले तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली, लिव्हियाचं मृत्युपत्र कुठल्या सालचं ते विचारलं. ती वारली इ.स. 29 मध्ये, एवढं मी सांगू शकलो. मग त्यांनी पैसे काढायची स्लिप पुढे ओढली. अंकांचा चौकोन तसाच ठेवून आधी अक्षरी रक्कम लिहिली, सावकाश, एकेका अक्षराला शिरोरेघ देत. शेवटी 'फक्त' लिहिलं आणि उरलेल्या जागेत कागदाच्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढली.