डिस्कसची पिल्लं आईबापांना सोडून फिल्टरकडे जातात तेव्हा

डिस्कस या शोभेच्या माशाची पिल्लं कोनवरून, म्हणजे अंडी घालायला ठेवलेल्या शंकूवरून, सुटून पोहायला लागली की पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट बघतो : ती आईबापांच्या अंगाला लागली आहेत का. या जोडीची लागली नव्हती. सगळा घोळका काळ्या स्पंज फिल्टरभोवती घुटमळत होता आणि नर-मादी त्याच्यापुढे अस्वस्थपणे फेऱ्या मारत होते.

मादी टर्क्वाइज, नर केशरी रंगाचा पिजन ब्लड; ही डिस्कसच्या रंगांवरून पडलेल्या प्रकारांची नावं. टाकी फिकट निळी, तळ मोकळा. पाणी २९ अंश, पीएच ६ च्या आसपास, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १०० च्या आत. अंडी साधारण अडीच दिवसांत फुटली होती. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं डोक्याकडच्या चिकट धाग्यांनी कोनला लटकून शेपट्या वळवळवत होती. तिथवर काहीच बिघडलं नव्हतं.

पोटातला बलक संपला की डिस्कसच्या पिल्लाला अन्न मिळतं ते आईबापांच्या अंगावरच्या चिकट स्रावातून, आणि तो नर-मादी दोघांच्याही अंगावर तयार होतो. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं, की अंडी घातल्यानंतर या स्रावातली प्रथिनं आणि अँटिबॉडी वाढतात. हे अन्न मिळालं नाही तर एक-दोन दिवसांत पिल्लं गळून जातात. आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जिवंत जीव) द्यावा तर सुरुवातीला त्यांच्या तोंडात तो मावत नाही. अंड्याच्या बलकाची पेस्ट देता येते, पण तिने पाणी फार लवकर नासतं. आईबाप सांभाळायला तयार असताना मी त्या वाटेला जात नाही.

दिवा मंद करून टाकीपुढे थांबलो, तेव्हा कारण कळलं. काही पिल्लं मादीकडे जात होती. ती गडद झाली होती, शेपटीकडचा भाग जवळजवळ काळा. पिल्लं तिच्या कुशीला तोंड लावून टोचत होती. मग तिने अंगाला एक झटका दिला आणि पुढे सरकली. हा झटका म्हणजे पिल्लांना हाकलणं नव्हे. ‘आता तू घे’ असा तो जोडीदाराला इशारा असतो. नरही लगेच आला, पर पसरून, अंग आडवं धरून, अगदी जसं यायला हवं तसा. पिल्लं त्याच्या शेजारून निघून थेट स्पंजवर गेली.

या वयाचं पिल्लू गडद दिसेल तिकडे जातं. पिल्लं सांभाळणारा डिस्कस म्हणूनच काळवंडतो. पिजन ब्लडमध्ये काळं रंगद्रव्य नीट पसरत नाही, त्यामुळे नराची इच्छा असूनही तो गडद होऊ शकत नव्हता. फिकट टाकीत सगळ्यांत काळी वस्तू होती ती आमचा स्पंज. नराला दोष देऊन त्याला बाहेर काढणारे खूप आहेत. मला ते पटत नाही.

आधी एअर पंप बंद केला, म्हणजे स्पंजची ओढ थांबली. लगेच उचलला असता तर आत अडकलेली पिल्लंही बाहेर आली असती. म्हणून तो पाण्यातच हळूहळू हलवत राहिलो आणि पिल्लं मोकळी झाल्यावर मग काढला. काळ्या आवरणाचा हीटर दुभाजकामागे नेला. पाणी हवेच्या बारीक नळीने, तोंडाला जाळी लावून, आईबापांचा वरचा पर जेमतेम बुडेल इतकं खाली आणलं. आता पिल्लांना भटकायला जागाच कमी उरली. कोपऱ्यात एक एअरस्टोन ठेवला, बुडबुडे इतके मंद की पिल्लं वाहून जाऊ नयेत. दिवा मंदच, पण रात्रीही चालू. पूर्ण अंधारात पिल्लं पांगतात.

तासाभरात मादीच्या दोन्ही बाजू भरल्या. नराला वेळ लागला. उथळ पाण्यात मादीने झटका दिला की तो अगदी लागूनच असायचा, आणि संध्याकाळपर्यंत थोडी पिल्लं त्याच्याही अंगाला लागली. बरीचशी मात्र मादीकडेच राहिली. अशा वेळी तिच्या कुशीवर ओरखडे दिसतात का ते बघत राहावं लागतं, कारण सगळा भार एकटीवर येतो.

फिल्टर नसल्यामुळे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढू नये म्हणून आईबापांना अन्न कमी दिलं. पाणी रोज दोनदा, दर वेळी दहा-पंधरा टक्के बदललं, तापमान आणि टीडीएस जुळवूनच. पोहायला लागल्यापासून पाचव्या दिवशी ताजा फुटलेला आर्टेमिया थोडा थोडा सुरू केला. पोटं नारिंगी दिसली की पिल्लं खायला लागली असं समजायचं. त्यानंतर फिल्टर परत लावला, पण फिकट रंगाचा.