शेपटीचं काय करायचं?

रविवारी दुपारी जेवणं आटोपून जरा आडवी होणार, तेवढ्यात भाची चार्टपेपरची गुंडाळी घेऊन दारात उभी. चौथीतली पोर, पण चेहरा मार्चअखेरीच्या कारकुनाचा. "आत्या, प्रोजेक्ट उद्या द्यायचाय." आमच्या घराण्यात प्रोजेक्ट कायम उद्याच द्यायचा असतो. विषय होता, पाच प्राणी काढा आणि त्यांना माणसांचे गुण द्या.

चार काढून झाले होते. सिंह चटईवर उताणा, तोंडावर वर्तमानपत्र. मी म्हटलं, "अगं, सिंह म्हणजे राजा ना?" तर म्हणाली, "सिंह दिवसातले वीस वीस तास पडून असतो, आमच्या बाईंनी सांगितलंय. म्हणून तो रविवारचा बाबा." माझा भाऊ आत तेच करत होता, त्यामुळे वाद संपला. म्हैस बसस्टॉपवर छत्री घेऊन उभी. दोन बस गेल्या तरी हिला काही नाही. मांजर सोसायटीची सेक्रेटरी. खुर्चीत बसलेली, समोर माणसांची रांग, आणि ही खिडकीबाहेर बघतेय. ही बाई कोण ते मी लगेच ओळखलं, पण इथे सांगणार नाही. मेन्टेनन्स भरायचाय.

माझं एक जुनं दुखणं आहे. कपडे घातलेला प्राणी दिसला की मी आधी त्याची शेपटी शोधते. सदरा ठीक आहे, टोपी ठीक आहे, पण पँट? तिला मागे भोक पाडायचं, की शेपटी आत कोंबायची? आणि कोंबली तर तो बसणार कसा? भल्याभल्या चित्रकारांनी यावर सोयीस्करपणे डोळेझाक केलेली आहे. भाचीने मात्र म्हशीला साडी नेसवून शेपटी कमरेला खोचली होती, पदर खोचतात तशी. मी मनोमन हात जोडले.

मी तिच्याएवढी असताना नऊवारीतली गाय काढली होती. चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करणारी, डोळ्यांत पाणी आलेली, नाकात नथ. काढताना माझ्या मनात काहीच नव्हतं, शपथेवर सांगते. पण कागद घरात फिरला आणि आजीने तोंडाला पदर लावला. आई गप्प. मोठी काकू हात पुसत आली, चित्र दूर धरून, मग जवळ धरून बघितलं आणि म्हणाली, "माझी नथ एवढी मोठी नाहीये." बस्स, एवढंच. ती गाय पुढे कित्येक वर्षं फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. तांदूळ काढायला दार उघडलं की दिसायची.

"या बाई पण ना, कायपण विषय देतात," भाची कुरकुरली. मी म्हटलं, बाईंना बोल लावू नकोस, हे खूळ फार जुनं आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तचा एक पपायरस आहे, तीन हजार वर्षांहून जुना. त्यात सिंह आणि हरीण समोरासमोर बसून पट खेळतायत. सिंहाचा जबडा असा उघडा, की डाव त्याचाच असावा. "जिंकल्यावर तो तिला खाणार?" भाचीने विचारलं. मला कधी सुचलंच नव्हतं. मग तिला जपानमधल्या क्योटोच्या देवळाची ती लांबच लांब चित्रगुंडाळी दाखवली, आठशे वर्षांपूर्वीची. तिच्यात बेडूक आणि ससे कुस्ती खेळतात आणि बेडूक सशाला चक्क उताणा पाडतो. बेडकाला शेपटीच नाही, त्यामुळे तिथे मी निवांत असते.

चौथा कुत्रा होता, मान खाली घालून "सॉरी" म्हणणारा. त्याच्याबद्दलही मला थोडी माहिती होती. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने खाऊ चोरलेला असो वा नसो, मालक ओरडला की तो अपराधी चेहरा करतो. उलट काहीही न केलेला जरा जास्तच करतो. "म्हणजे तू," भाची म्हणाली. मी सॉरी म्हटलं.

पाचवा कावळा. इथे घोडं अडलं होतं. "कावळा कसा असतो गं, लबाड?" मला कुणी काऊला लबाड म्हटलेलं खपत नाही. 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते' करत त्या चिमणीने त्याला भर पावसात किती वेळ दारात उभं केलं! त्याचं घर शेणाचं होतं, हा काय त्याचा गुन्हा? सगळी मुलं चिमणीच्या बाजूची असायची आणि मी एकटी बाहेर भिजत. तिकडे अमेरिकेत सिएटलला काही संशोधकांनी आदिमानवाचे मुखवटे घालून कावळे पकडले, पायात कड्या घालून सोडून दिले. त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे अंगावर ओरडत यायचे. विसरत नाही तो.

आजीच्या दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. तीन होते समोरच्या पिंपळावर, एकही खाली येईना. ऊन चढलं. भटजींनी दर्भ काढून ठेवला, शेवटी त्याचाच कावळा करायचा म्हणून. बँकेतले काका, इंजिनियर काका, सगळे हात जोडून त्या झाडाला सांगत होते, शेत विकणार नाही, भांडणार नाही. मग मोठी काकू पुढे आली आणि हळूच म्हणाली, "अहो, तुमचं शिवणाचं मशीन मी तेल घालून ठेवीन." एक कावळा उतरला.

मी हे सगळं भाचीला नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, "कावळा रुसतो."

"कुणावर?"

"आपल्यावर."

तिने थोडा विचार केला आणि पाठमोरा कावळा काढला. चोच नाही, डोळा नाही, नुसती काळी पाठ आणि खाली शेपटी. कपडे घातले नाहीत. मग तेलखडू डब्यात भरले आणि दूध मागितलं.