स्यमंतक मण्याचा माग: मुलांसाठी गोष्ट बांधताना

जादूच्या वस्तूच्या शोधकथा बहुधा एकाच जागी फसतात: वस्तू काहीही करू शकते, मग संकट उरतंच कुठे? स्यमंतकाच्या कथेत हा घोळ नाही. मणी रोज आठ भार सोनं देतो. पण विष्णुपुराण सांगतं, अशुची माणसाने धारण केला तर त्याचाच जीव घेतो. अशुची म्हणजे काय, हे मुलं विचारणारच. ‘त्या दिवशी खोटं बोललेला’ एवढा अर्थ पुरतो. दोन्ही नियम पहिल्याच प्रकरणात सांगा. मागाहून सोयीचा नियम घुसवला की दहा वर्षांचं पोर तो बरोबर पकडतं.

खरी गंमत मागात आहे. मणी द्वारकेच्या सत्राजिताचा. तो घालून शिकारीला गेलेल्या त्याच्या भावाला, प्रसेनाला, सिंह मारतो आणि सिंहाला अस्वलांचा राजा जांबवंत. हे निवेदकाने सांगून टाकलं तर गोष्ट तिथेच संपली. सत्राजिताने कृष्णावर चोरीचा आळ घेतला आहे (गणेश चतुर्थीला ही कथा सांगतात ती त्यामुळेच), तेव्हा ठसे त्याच्याबरोबर मुलांनाही वाचू द्या. प्रसेनाच्या घोड्याच्या टापा थांबतात तिथे चार बोटांचा पंजा, नखांची खूण नाही. सिंह चालताना नखं आत ओढून घेतो. वर डोंगरात पाच बोटं, पुढे लांब नखांच्या खुणा, आणि मागच्या पावलाचा ठसा जवळजवळ माणसाचा. अस्वल! प्रकरण इथेच तोडा.

जांबवंताच्या गुहेत दाई त्याच्या बाळाला समजावते: सिंहाने प्रसेनाला मारलं, सिंहाला जांबवंताने, रडू नकोस, स्यमंतक आता तुझाच. रहस्य या अंगाईतच उलगडतं, वर स्पष्टीकरण नको.

मग कृष्ण आणि जांबवंताचं युद्ध. भागवतात 28 दिवस, विष्णुपुराणात 21. तेवढ्या गुद्द्यांनी मुलं जांभया देतील. त्यापेक्षा बाहेर थांबलेल्या द्वारकेच्या लोकांकडे वळा; भागवतात ते बारा दिवस वाट पाहून परततात. संपत आलेली शिदोरी, आतून येणारे आवाज, ‘जायचं की थांबायचं’ हे भांडण.

शेवटी जांबवंत कृष्णात आपला राम ओळखतो. लंकेच्या लढाईतलं म्हातारं अस्वल आधी कुठेतरी ओझरतं आलं नसेल, तर हा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटतो.

लहानांसाठी जांबवंताच्या मुलीचं, जांबवतीचं, कृष्णाशी लग्न आणि पुढचा सत्राजिताचा खून गाळा. भर सभेत मणी परत मिळतो आणि आळ घेणाऱ्या सत्राजिताची मान खाली जाते, तिथे थांबा. सहाशे शब्दांची सहा प्रकरणं होतात. त्यातली दोन ठशांना द्या.