गावाचं सगळं जिच्या पोटात

आमच्या गावातली बँक बंद झाली, खाटकाचं दुकान बंद झालं, पोरं उरली नाहीत म्हणून शाळाही गेली. पोस्ट तेवढं टिकलंय, आणि तेही एका बाईच्या जिवावर.

गाव हेरेफर्डशरमधलं. इंग्लंड म्हटलं की सांगलीकडच्या विट्यातल्या आमच्या मंडळींना लंडनच दिसतं, म्हणून सांगते. इथून थोडं पश्चिमेला गेलं की वेल्स लागतं. सफरचंदाच्या बागा, मेंढरं, तांबड्या अंगाच्या नि पांढऱ्या तोंडाच्या गाई, आणि सकाळची चुकली तर दुपारपर्यंत वाट बघायला लावणारी बस. मी इथल्या एका केअर होममध्ये नर्स आहे. पोस्टात जाणं होतं ते आईला औषधं-कपडे पाठवायला आणि तिकडून आलेल्या भडंगाच्या पार्सलाची चौकशी करायला.

पोस्ट म्हणजे वेगळी इमारत वगैरे काही नाही. किराणा दुकान आहे. ब्रेड, दूध, वर्तमानपत्रं, कुत्र्याची बिस्किटं, आणि कोपऱ्यात काचेमागे एक काउंटर. काचेच्या अलीकडे ती दुकानदार, पलीकडे गेली की पोस्टमास्तर. पावाचे पैसे एका गल्ल्यात, तिकिटांचे दुसऱ्यात. मध्येच कोणी अंडी मागितली तर चष्मा कपाळावर सारून ती बाहेर येते आणि रांग निमूट थांबते. विटा पोस्टात असं कोणी करून बघावं!

ती सरकारी नोकर आहे अशीच माझी समजूत होती. तसं नाही. इथे टपाल वाटणारी रॉयल मेल आणि काउंटर चालवणारी पोस्ट ऑफिस कंपनी यांची २०१२ साली फारकत झाली. रॉयल मेल पुढच्याच वर्षी शेअर बाजारात गेली, काउंटरची कंपनी अजून सरकारच्या मालकीची आहे. खेड्यातली ही बाई या दुसऱ्या कंपनीची कंत्राटदार. जितके व्यवहार तितकं कमिशन. जागा तिची, विजेचं बिल तिचं, मदतीला मुलगी ठेवली तर तिचा पगारही हिच्याच खिशातून. खेड्यातल्या ९५ टक्के लोकांना तीन मैलांच्या आत पोस्ट मिळालं पाहिजे असा इथल्या सरकारचा दंडक आहे. दंडक सरकारचा, दुकान हिचं.

हे कळलं तेव्हा मला आक्का आठवली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावचं शाखा डाकघर तिच्या ओसरीवर होतं. नात्याने माझी चुलती, पण साऱ्या गावाची आक्काच. आपल्याकडेही शाखा डाकघराला जागा बघायची ती ब्रँच पोस्टमास्तरनेच. ग्रामीण डाक सेवक खात्याचं काम करणार, पण नेहमीच्या सरकारी नोकरांत धरले जाणार नाहीत. काम दिवसाला चार-पाच तासांचं धरलेलं, आणि पोटापाण्याचं दुसरं साधन पाहिजे ही वर अट. देशात दीड लाखाहून जास्त पोस्टं आहेत, त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास खेड्यात, हे भाषणांत अभिमानाने सांगतात. ती कोणाच्या ओसरीवर चालतात ते सांगत नाहीत.

आमच्या भागात पोस्टाला मान होता तो गलाईवाल्यांमुळे. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळपासून पंजाबपर्यंत पसरलेली. इकडे माळरान, पावसाचा भरवसा नाही. कित्येक घरांची चूल मनिऑर्डरीवर पेटायची. विट्याहून एसटीने थैली यायची. आक्का सील तोडून टपाल ओसरीवर ओतायची. मग शिक्का शाईत दाबून आधी एका रद्दी कागदावर उठवायची, तारीख नीट येते का बघायला. तारीख बरी आली की टपालावर ठकठक सुरू. तो आवाज ऐकून म्हाताऱ्या हळूहळू जमायच्या. बोलवायला लागत नसे.

निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं. पत्र आक्कानेच वाचून दाखवायचं. मी तेव्हा चौथीत. तिच्या मांडीला टेकून बसायचे, आणि नुकतंच भराभर वाचता येऊ लागल्याचा ताठा होता. एकदा एका म्हातारीला पोराचं पत्र आलं, केरळातून. आक्का वाचत होती: मी खुशाल आहे, तुझी तब्येत जप, दिवाळीला बघतो. मी खांद्यावरून बघत होते. मधे चार ओळी होत्या, भावाला जमीन का दिलीस, आता माझ्या दारात येऊ नकोस, अशा. त्या आक्काने वाचल्याच नाहीत. मी तोंड उघडलं मात्र, तिने खालून मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी पत्र कनवटीला लावून गेली. मग आक्का एवढंच म्हणाली, "तिला दुसरं कोण वाचून दाखवणार हाय? आता घरी जा आन् गप बस."

बरोबर केलं का? मला अजूनही नक्की सांगता येत नाही. दुसऱ्याच्या पत्रातल्या ओळी गाळायचा हक्क पोस्टमास्तरला कोणी दिला? पण दिवाळीला तो पोरगा आला, हे मी बघितलंय.

लोक म्हणतात, खेड्यातली पोस्टमास्तर आवडते कारण ती प्रेमळ असते, विचारपूस करते. मला हे पटत नाही. विचारपूस करणाऱ्या बायका गावात ढिगाने असतात, त्यांना लोक टाळतात. पोस्टमास्तरला सगळं माहीत असतं. कोणाची आरडी थकली, कोणाला कोर्टाची नोटीस आली, कोणता गलाईवाला बायकोला पाचशे पाठवतो आणि आईला त्यातले नको म्हणून वेगळे शंभर. ते शंभर आक्का सून रानात गेली की द्यायची. एवढं माहीत असून जी बोलत नाही तिच्यावर गाव जीव टाकतं. बाकी सगळं नंतर.

न बोलायची दोघींची तऱ्हा मात्र न्यारी. आक्काला कोणी खोदून विचारलं की ती म्हणायची, "चहा ठिवू का?" आणि उठून आतच जायची. इथली बाई हवामानावर येते. रांगेतल्या कोणी विचारलं, अमक्याच्या घरावर विकायची पाटी लागली म्हणे? तिचं उत्तर ठरलेलं: दुपारनंतर पाऊस दिसतोय. इथल्या पावसाची तिला चांगली साथ आहे.

तिने केलेलं एक काम मला कळलं तेही तिच्या तोंडून नाही, आमच्या केअर होममधल्या बाईकडून, जिच्या वडिलांबाबत ते घडलं. इथे जवळपास सगळ्या मोठ्या बँकांचे पैसे पोस्टातून काढता येतात. म्हातारा आला, बरीच मोठी रक्कम रोख हवी म्हणाला, आणि कोणाला सांगू नकोस असंही म्हणाला. फोनवर कोणीतरी स्वतःला पोलीस म्हणवून त्याला पढवून ठेवलं होतं. हिने तोंडावर काही विरोध केला नाही. आत्ता एवढी रोकड नाही, मागवावी लागेल, तोवर बसा, म्हणून दुकानातल्या स्टुलावर बसवलं, हातात चहा दिला आणि आत जाऊन त्याच्या मुलीला फोन लावला. पैसे वाचले. गावात चर्चा झाली नाही, म्हणून म्हाताऱ्याची अब्रूही वाचली. तो अजून दर मंगळवारी पेपर न्यायला येतो.

या देशात पोस्टातल्या बायकांनी काय सोसलंय, हे माहीत असल्याशिवाय गावाची तिच्यावरची ही माया कळत नाही. फुजित्सू या कंपनीची होरायझन नावाची संगणक यंत्रणा १९९९ पासून पोस्टांत आली. प्रत्यक्षात नसलेली तूट तिच्या हिशेबात दिसायची, आणि करारानुसार ती पोस्टमास्तरांनी भरायची. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त जणांवर चोरी, खोटे हिशेब असे गुन्हे शाबीत झाले. पोस्टमास्तर सीमा मिश्रा यांना २०१० साली तुरुंगात टाकलं तेव्हा त्या गरोदर होत्या. हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या पोस्टमास्तर जो हॅमिल्टन या बाईंच्या नावावर ३६ हजार पौंडांची तूट निघाली. त्यांच्या गावाने मशीनवर नाही, बाईवर विश्वास ठेवला. वर्गणी काढली, शिक्षेच्या दिवशी कोर्टात येऊन बसले. पण सगळ्याच गावांनी तसं केलं नाही. कित्येकांना दुकानात चोर म्हणून ऐकून घ्यावं लागलं, काही जणांनी जीव दिला. जो हॅमिल्टन यांची शिक्षा रद्द व्हायला २०२१ साल उजाडलं, आणि उरलेल्यांना सरसकट निर्दोष ठरवण्यासाठी २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

आमच्या बाईच्या काउंटरखाली एक लाल कापडी बांधणीची वही असते. मशीनने हिशेब दिला तरी ती रोज संध्याकाळी पेनाने बेरीज मांडते. त्या वर्षांत तुमच्याही गल्ल्यात तूट आली होती का, असं मी तिला एकदा विचारलं. तिने वही मिटली आणि उद्या थंडी वाढेल म्हणाली.

आक्का पासष्टाव्या वर्षी सुटली, ग्रामीण डाक सेवकांची तीच मर्यादा. शेवटच्या वर्षांत तिच्याही हातात मशीन आलं होतं. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार काढायला बायका यायच्या. खुरपून खुरपून त्यांच्या अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या, मशीन घेईना. आक्का पदराने त्यांचा अंगठा पुसायची, मग तर्जनी, मग मधलं बोट, एकेक लावून बघायची. दहावीच्या मार्कांवर नवीन मुलगी लागली ती परभणीकडची. तिला गावातच राहणं भाग, आणि पोस्टाला जागाही तिनेच शोधायची. आक्काने आपली ओसरी तिला भाड्याने दिली. मी मागे फोनवर विचारलं, पोरगी कशी आहे गं? तर म्हणाली, "बरी हाय. बोलत न्हाई फार."

इथल्या बाईलाही आता थांबायचंय. दुकान घ्यायला कोणी पुढे येत नाही, कमिशनवर घर चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणीच मिळालं नाही तर आठवड्यातून दोन-तीन तास पोस्टाची गाडी येऊन उभी राहील, शेजारच्या गावात तेच झालंय. मागच्या आठवड्यात पार्सलाचा फॉर्म भरताना तिने मला सहज विचारलं, तू का नाही घेत? नवऱ्याने कागदावर आकडे मांडून बघितले नि हसला. आकडे एक वेळ जमवता येतील. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे इथवर वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.