मोतीबिंदूची लेन्स: मी जवळचं मागितलं

ऑपरेशनपेक्षा आधीच्या तपासण्यांनाच जास्त वेळ लागला. पहिल्यांदा थेंब घातले. थोड्या वेळात बाहुली मोठी झाली आणि खिडकीतला उजेडही सोसवेना. एरवी बुबुळ बाहुली आपोआप आवळतं, थेंबांनी तेच सैल पडलेलं. मग मागचा पडदा बघितला. मला डायबिटीस, आणि पडदाच खराब असेल तर पुढे कितीही चांगली लेन्स बसवा, उपयोग नाही. पडदा ठीक निघाला.

मग मापं. डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक भागाची, पारपटलाची, गोलाई मोजली. प्रकाश वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम तेच करतं म्हणे, भिंगाकडे उरलेलं. त्यानंतर डोळ्याची लांबी. ती असते साधारण 24 मिलिमीटर, आणि 1 मिलिमीटर चुकलं तर नंबर अडीच-तीनने हुकतो. मी शिवते त्या ब्लाउजच्या मापात एवढं कुणाला कळतही नाही!

खरा प्रश्न पुढे आला. "काकू, चष्म्याशिवाय लांबचं दिसायला हवं की जवळचं?" आपलं मूळ भिंग जवळ बघताना फुगतं, लांब बघताना चपटं होतं. वयाबरोबर ते कडक होतं, म्हणून तर चाळिशी लागते. बसवायची साधी लेन्स मात्र एकाच अंतराची. मल्टिफोकल, म्हणजे एकाहून जास्त अंतरांची, महाग, शिवाय रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, असं डॉक्टरांनीच सांगितलं. बहुतेक लोक लांबचं मागतात. मी जवळचं मागितलं. माझं काम शिलाई मशीनच्या सुईशी, डोळ्यांपासून हातभर अंतरावर. एसटीची पाटी वाचायला लावेन की चष्मा. मुलाला पटलं नाही. त्याला कुठे दोरा ओवायचाय?

प्रत्यक्ष ऑपरेशनचं फार काही सांगण्यासारखं नाही. भूल थेंबांचीच. 3 मिलिमीटरहून लहान छेद घेऊन जुनं भिंग अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेतात, त्याची पातळ पिशवी तशीच ठेवतात आणि घडी घातलेली लेन्स तिच्यात उलगडते. मला नुसता रंगीत उजेड दिसत होता. टाका एकही नाही. (शिवणाऱ्या बाईला हे जरा खटकलंच.)

पट्टी निघाल्यावर एकेक डोळा झाकून बघितलं. नव्या डोळ्याने पांढरं अस्तर पांढरंशुभ्र, दुसऱ्याने तेच चहा सांडल्यासारखं. जुनं भिंग पिवळं पडून निळा रंग अडवत होतं. काळं आणि नेव्ही ब्लू रीळ इतके दिवस मला सारखं का दिसायचं, ते आता कळलं. हल्ली मॅचिंग करताना मी एक डोळा मिटूनच बसते. गिऱ्हाइकं हसतात.

दुसरा डोळा दिवाळीची गर्दी ओसरल्यावर. त्यात लांबची लेन्स घालून दोन्ही डोळ्यांना कामं वाटून देता येतात, असं डॉक्टर म्हणाल्या. मेंदूला त्याची सवय होते, पण सगळ्यांना जमतंच असं नाही. शिवाय बारकाव्यातली खोली कळायला दोन्ही डोळ्यांना एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसावं लागतं. हुक-लूप लावणाऱ्या बाईने काय निवडावं? माझा कल पुन्हा जवळच्याकडेच आहे.