तुम्ही विचारलंत म्हणून: खाडीत ती लाट का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी स्वतःहून काढत नाही.

आमच्या ओटीवर एक फोटो लावलेला आहे. त्यात मी बोटीच्या मागे लाटेवर उभी आहे, वय चौतीस, हातात दोरी नाही, तोंड सताड उघडं. मालवणजवळ देवबागला आमच्याकडे राहायला आलेला दर दुसरा पाहुणा त्या फोटोपाशी थांबतो, मग मागच्या दारातून कर्ली खाडीकडे बघतो आणि विचारतो, "ताई, हे इथे का नाही सुरू करत? पाणी तर आरशासारखं आहे." पुण्याचे असतील तर माणशी किती लावायचे, तेही सांगून मोकळे होतात.

फोटो अमेरिकेतल्या मिनेसोटातला आहे. नोकरीनिमित्त मी तिथे सहा वर्षं होते. त्या राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'दहा हजार तळ्यांचा प्रदेश' असं लिहिलेलं असतं. हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक त्यावरून गाड्या नेतात. उन्हाळा जेमतेम तीन-चार महिन्यांचा, त्यामुळे तेवढ्या दिवसांत जो तो पाण्यात. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे वेकसर्फिंगची बोट होती. तिनेच मला शिकवलं.

खेळ असा. बोटीच्या पोटात टाक्या असतात. त्या तळ्याच्याच पाण्याने भरायच्या, म्हणजे हजार-दोन हजार किलो वजन वाढतं. बोट बुडाशी जड होते, नाक वर करते आणि पाणी नांगरत जाते. वेग ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटर, म्हणजे आपल्या गावातल्या रस्त्यावरून स्कूटर जाते त्याहूनही कमी. मागे एका बाजूला कमरेएवढी लाट उठते आणि बोट चालते आहे तोवर ती मोडतच नाही. तुम्ही छोट्या फळीवर दोरी धरून उभं राहायचं, लाट पायाखाली आली की दोरी बोटीत फेकून द्यायची. मग तुम्हाला कोणी ओढत नसतं, लाटच ढकलते. आमच्या दर्यात ही मजा पाच सेकंदांत संपते, तिथे पाच मिनिटं चालते. पहिल्यांदा दोरी सोडली तेव्हा मी मालवणीत ओरडले होते. काय ओरडले ते इथे लिहिता येणार नाही.

तर इथे का नाही? पहिलं कारण दोन मिनिटांत संपतं. इथल्या बोटींना मागे लटकणारं आउटबोर्ड इंजिन असतं. वेकसर्फिंगमध्ये माणूस बोटीच्या मागे तीन-चार मीटरवर असतो. पडला तर पंखा आणि तो यांच्यामध्ये फक्त पाणी. त्या खेळाच्या बोटींचा पंखा बोटीच्या खाली, आतल्या बाजूला असतो, तरीही तिथे इंजिनाचा धूर मागे साचतो म्हणून कोणाला बोटीलाच जोडलेल्या मागच्या फळीवर बसू देत नाहीत. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तेव्हा आउटबोर्डच्या मागे लाटेवर उभं करतो असं कोणी म्हणालं, तर पैसे परत मागा आणि किनाऱ्यावर बसून भजी खा.

पण समजा, योग्य बोट आणली. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगीही मिळाली. तरी मी खाडीत तो खेळ करणार नाही. त्याचं कारण ऐकायला वेळ लागेल.

परत आल्यावर दुसऱ्याच वर्षी, डिसेंबरात, मला राहवलं नाही. चुलतभावाची फायबरची बोट होती. लाटेवर कोणाला उभं करायचं नव्हतं, नुसती लाट किती येते ते बघायचं होतं. पाण्याने भरलेली दोन पिंपं मागे ठेवली, सहा भावंडं डाव्या बाजूला बसवली. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, भाऊच. सकाळची सुकती, म्हणजे ओहोटी होती, पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. मी म्हणाले, पळवू नकोस, जडच राहू दे. आणि आली की लाट! मिनेसोटाच्या निम्मी असेल, पण गोल, गुळगुळीत, मोडायचं नाव नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. परत फिरून तीच फेरी मारली. मग तिसरी.

तिसऱ्या फेरीला काठाकडून हाक आली. हाक म्हणजे आमच्या काकीची, मी काय ओरडले असेन त्याच जातीची.

सुकतीला बायका कमरेएवढ्या पाण्यात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले काढतात हे मला का माहीत नव्हतं? माझी आजी काढायची. पायाच्या बोटांनी वाळू चाचपायची, शिंपला लागला की वाकून हाताने उचलायचा आणि कमरेला दोरीने बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पातेल्यात टाकायचा. काकी आणि आणखी पाचजणी तशाच उभ्या होत्या. पहिल्या लाटेला त्या हलल्या, दुसरीला एक पडली, तिसरीला काकीचं पातेलं पालथं झालं. पहाटेपासूनची मेहनत तळाला गेली.

आम्ही बोट वळवून गेलो. मी शहाण्यासारखी पाकीट काढलं. काकी म्हणाली, "पैसे ठेव तुझ्याकडे. रिकामा झाला ता भरून दी."

मग मी पाण्यात उतरले. भाऊ बोटीत बसून हसत होता, त्यालाही तिने उतरवलं. दीड तासात मला मिळाल्या त्या एका वाट्याच्याही नव्हत्या. बाजारात तिसऱ्यांचा वाटा घेताना "जरा दोन जास्त घाला" म्हणायची माझी सवय त्या दिवशी सुटली. त्या कामात तोल फार लागतो, हे तेव्हा कळलं. एक पाय वाळूत, दुसरा शोधतोय, कंबर वाकलेली. अशात गुडघ्याएवढी लाटही पुरते. आणि वेळ मोजका असतो. भरती लागली की काम बंद, मग ती तिच्या मर्जीने परत ओसरेल तेव्हा. पाहुण्याला खेळायला दिवस मोकळा असतो, काकीला सुकतीचे दोन-अडीच तास.

त्या रात्री भावाने जे विचारलं ते महत्त्वाचं. "आपण तर हळू होतो ना गो?"

इथेच सगळ्यांची गफलत होते. आपल्याला वाटतं वेग जास्त तर लाट जास्त. तसं नाही. बोट पुरती वेगात आली की ती उचलली जाते, पाण्यावरून पळते आणि मागे सोडते ती लाट बेताची असते. अगदी सावकाश असली की पाणी नुसतं बाजूला सरतं. या दोहोंच्या मधला वेग वाईट. बोट ना तरंगते ना पळते, नाक वर, बूड खाली, सगळी ताकद पाणी उपसण्यात जाते. वेकसर्फिंगवाले मुद्दाम याच वेगात राहतात. आणि आपले बोटवाले माणसं दिसली की सौजन्य म्हणून वेग निम्मा करतात, तेव्हा नेमके याच वेगात येतात. म्हणजे मान देऊन बोट हळू केली आणि समोरच्याची होडी उलटवली. हळू व्हायचं तर बरंच आधी व्हावं आणि पुरतं व्हावं, इतकं की मागे फेस दिसता नये. एकदम काष्टा सोडल्यासारखा थ्रॉटल सोडला तर आपलीच मागची लाट येऊन आपल्या बुडाला धडकते आणि पुढे काठाला जाते. भावाला हे पटायला एक अख्खा सीझन लागला, पण आता तो इतरांना शिकवतो आणि आपणच शोधून काढल्यासारखं सांगतो.

त्यात लाटेचा हिशेब सरळ नाही. उंची दुप्पट झाली की तिच्यातली ताकद चौपट होते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने बोटींच्या लाटा मोजल्या आणि 2022 मध्ये अहवाल काढला. साध्या बोटीची लाट 200 फुटांवर जेवढी उरते, तेवढी होण्यासाठी वेकसर्फिंगच्या लाटेला 500 फुटांहून जास्त जावं लागतं. मैत्रिणीने मला तो अहवाल पाठवला, वर लिहिलं होतं, 'आपण काय काय करत होतो बघ.' तिकडच्या तळ्यांत लून नावाचा पक्षी अगदी पाण्याच्या कडेला घरटं करतो, तो मिनेसोटाचा राज्यपक्षी. मोठ्या लाटेने घरटं भिजतं. पहाटे कोणी एकटा माणूस छोट्या होडीत गळ टाकून बसलेला असतो. हे आम्हाला दिसायचं. आम्ही हात हलवायचो, तोही हलवायचा, आणि आम्हाला वाटायचं झालं, सगळे खूश.

अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याने 2024 पासून नियमच केला. काठापासून 500 फूट दूर, पाणी निदान 20 फूट खोल, आणि अशी सलग जागा निदान 50 एकर असेल तरच हा खेळ. खोलीची अट कशाला, तर जड बोटीचा पंखा पाणी खाली ढकलतो आणि तळाचा गाळ उठवतो.

आता हे आमच्या खाडीला लावून बघा. 500 फूट म्हणजे दीडशे मीटर. दोन्ही काठांनी दीडशे-दीडशे सोडले की मध्ये उरणाऱ्या पट्ट्यात मासेमारीच्या होड्या, पर्यटकांच्या बोटी, डॉल्फिन दाखवायला निघालेले आणि संगमाकडे जाणारे सगळे. खोली म्हणाल तर सुकतीला कितीतरी ठिकाणी बांबू टेकतो आणि वाळूचे दांडे उघडे पडतात. देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्राकडे लाटा अडवायला दगडांचा बंधारा घातलाय. खाडीकडे माड आहेत, त्यांतल्या काहींची मुळं हवेत लोंबतायत. त्या मुळांना विचारा आणखी एक लाट चालेल का.

इथपर्यंत ऐकून पाहुणे दुसरा पर्याय काढतात. "मग धामापूरच्या तलावात? तिथे भरती-ओहोटी नाही."

नाही, भरती-ओहोटी नाही. 1530 सालचा तलाव आहे, नागेश देसाईंनी बांधलेला. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ. तिथली गोष्ट कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे: लग्नकार्याला दागिने नसले की देवीला सांगायचं, परडीत फुलं ठेवून पाण्यात सोडायची, परडी सोन्याने भरून यायची. काम झालं की दागिने परत करायचे. एकाने केले नाहीत, तेव्हापासून परडी रिकामीच. पाहुण्यांना ही गोष्ट आवडते, पण तलावावर गेल्यावर त्यांना स्पीकर लावावासा वाटतो. त्या पाण्यावर मागे गाणी वाजवत टाक्या भरलेली बोट फिरवायची माझी तरी हिंमत नाही. शिवाय त्या टाक्यांचा एक उद्योग असा की, एका तळ्यातलं पाणी, त्यातल्या वनस्पती आणि अळ्या घेऊन बोट दुसऱ्या तळ्यात जाते. मिनेसोटात झेब्रा शिंपल्यांनी असाच उच्छाद मांडला, म्हणून तिथे बोट रस्त्यावर आणायच्या आधी बूच काढून सगळं पाणी सोडून द्यावं लागतं.

मग समुद्रात? हिवाळ्यातल्या सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा मालवणपुढचं पाणी खरंच सपाट असतं. पण तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली डुबकी मारणारे असतात, कुठे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची तयारी चाललेली असते, आणि 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मोकळ्या दर्यात, सगळ्यांपासून लांब, योग्य बोट घेऊन कोणी केलं तर मी विरोध करणार नाही. कदाचित मीच पहिली जाईन. तोपर्यंत ज्यांना पाण्यावर जायचंच आहे त्यांना मी वेंगुर्ल्याला पाठवते. तिथे मांडवी खाडीत बायकांचा बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. गेलेले पाहुणे परत येऊन चिपी नावाच्या कांदळवनातल्या झाडाच्या मुळांबद्दल मलाच शिकवतात.

आमची बोट अजून चालते. स्वयंपाकघरात भरती-सुकतीचा तक्ता आहे, त्याच्या शेजारी काकीच्या खडूच्या खुणा. सुकतीच्या वेळी आम्ही बोट सोडत नाही. पाहुणे कुरकुरतात, त्यांना नाश्ता जास्त वाढते. काकी मात्र अजून विश्वास ठेवत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त ओसरतं तेव्हा तिचा आदल्या रात्री फोन येतो, "फाल्या इंजिन घेवन येव नको गो." मी म्हणते, नाही येत. ती म्हणते, "तुझ्या भावाक सांग."

आणि फोटोतली फळी? ती मी विमानातून एवढे पैसे मोजून आणली होती. मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपटात होती. एप्रिलात काकी आली, फळी बघितली, हलकी आहे, गुळगुळीत आहे, पाणी धरत नाही हे तिने एका टिचकीत ओळखलं आणि अंगणात नेऊन तिच्यावर कोकमाची सोलं वाळत घातली. संध्याकाळी सोलं उलटताना मला विचारलं, "अशी आणखी एक फळी खंय मिळात काय गो?"